ओपॅक, कॉल नंबर आणि कांद्याचं पीककर्ज

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजातून बी.ए. करून मी आता पुण्यात एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनला कांदा उत्पादकांचं पीककर्ज हा विषय घेतलाय. सर म्हणाले, ‘आधी लिटरेचर रिव्ह्यू करा, लेख पिअर रिव्ह्यूड जर्नलमधलेच हवेत.’ ग्रंथालयात गेले तर, ‘ओपॅकवर बघून कॉल नंबर आणा.’ बाकीची मुलं माना डोलावतात, मला काही कळत नाही. पीएचडीचा विचार सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नकोस. आणि माना डोलावणाऱ्या सगळ्यांना कळतं, असंही समजू नकोस.

ओपॅक म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची यादी. पुस्तक आहे का, कुणी नेलंय का, ते तिथे दिसतं. कॉल नंबर म्हणजे पुस्तकाचा कपाटातला पत्ता. पुस्तकाच्या पाठीवर खाली चिकटवलेला असतो. तुझ्या ग्रंथालयात ड्यूई पद्धत (प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावण्याची) असेल तर ३३० म्हणजे अर्थशास्त्र आणि ३३२.७१ म्हणजे शेतीकर्ज. त्याखाली बहुतेक लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं. हवं ते पुस्तक मिळालं की लगेच निघू नकोस. त्याच्या डावी-उजवीकडची दहा-पंधरा पुस्तकं काढून अनुक्रमणिका चाळ. विषयाची पुस्तकं शेजारीशेजारी लागलेली असतात, त्याचा फायदा घ्यायचा.

पिअर रिव्ह्यूड म्हणजे छापण्याआधी त्या विषयातल्या इतर अभ्यासकांनी तपासलेला लेख. नियतकालिकावर आयएसएसएन आहे एवढ्यावर भुलू नकोस. तो नोंदणीचा आठ अंकी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नल्सची ‘केअर’ यादी बंद झाल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यामुळे कुठली जर्नल्स चालतील हे सरांनाच विचारून घे.

लिटरेचर रिव्ह्यूत, म्हणजे विषयावर आधी झालेल्या अभ्यासाच्या आढाव्यात, मात्र बहुतेकांची गाडी अडते. ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं’ अशी जंत्री म्हणजे आढावा नव्हे. समजा, तुला मिळालेल्या लेखांत सगळ्यांनी बँकांची आकडेवारी वापरलीय, पण आडत्याकडून घेतलेल्या उचलीबद्दल कुणीच विचारलेलं नाही. हे दाखवून देणं म्हणजे आढावा. अशा राहून गेलेल्या जागेलाच ‘रिसर्च गॅप’ म्हणतात, आणि गावाकडची असल्यामुळे तुला तो इतरांआधी दिसेल.

सुरुवात शोधगंगावरून कर. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचं हे संकेतस्थळ फुकट आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे ठेवलेले असतात. शेतीकर्जावरचे तीन-चार प्रबंध उघड, आढाव्याचं प्रकरण वाच आणि संदर्भसूचीत जी नावं पुन्हा पुन्हा येतात ती लिहून घे. ते लेख आधी वाचायचे. उतारे मात्र उचलू नकोस. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांच्या वर साम्य निघालं की कारवाई होऊ शकते.

लेख पैसे मागत असेल तर खिशात हात घालण्याआधी ग्रंथपालांना विचार : आपली संस्था ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये आहे का? २०२५ पासून या योजनेत सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना हजारो जर्नल्स खुली झाली आहेत. रिमोट लॉगिन मिळालं तर हॉस्टेलवरूनही वाचता येतील.

पीएचडी करायची का, ते हे डिझर्टेशन झाल्यावर ठरव. नेटचा (प्राध्यापकी आणि पीएचडीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) फॉर्म मात्र आत्ताच भर, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला तो भरता येतो.