‘करकपात’: कराला कात्री की बिलाला?

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका जॉबवर्क करणाऱ्या कंपनीचे हिशेब बघणाऱ्या वाचकांनी विचारलंय: ‘पेपरात “कंपन्यांना करकपात” असं वाचलं की मालक खूश, आणि पार्टीकडून आलेल्या पेमेंटच्या कागदावर “करकपात २ टक्के” दिसलं की तोच मालक चिडतो. शब्द एकच. यातलं बरोबर कुठलं? आणि कन्नड कागदावर “तेरिगे कडित” असतं, ते यातलं कुठलं?’

चलनात दोन्ही आहेत. पण दुसरा वापर मराठीच्या वळणाच्या उलट जातो, आणि घोळ तिथेच होतो.

पगारकपात, पाणीकपात, वीजकपात, नोकरकपात हे शब्द बघा. ‘कपात’च्या आधी जे येतं तेच कमी होतं. पगार घटतो, पाणी कमी येतं. त्याच चालीने करकपात म्हणजे कर घटणं, म्हणजे कराची कपात, सरळ षष्ठी तत्पुरुष. पेमेंटच्या कागदावर मात्र कर घटलेला नसतो, घटलेली असते तुमच्या हातात पडणारी रक्कम. वर्षाचा कर तेव्हा ठरलेलाही नसतो. वर्षअखेर जो काही निघेल त्यापोटी पैसे देणाऱ्याने थोडी रक्कम आधीच कापून सरकारकडे भरलेली असते. यालाच टीडीएस म्हणतात. पगारकपातीच्या चालीने जायचं तर त्याला ‘बिलकपात’ म्हणायला हवं. समासच सोडवायचा तर ‘करासाठी कपात’ असा सोडवावा लागतो, आणि तसा तो कुणाच्याच मनात सुटत नाही.

बोलताना कुणी फसत नाही, ही गंमत. बेळगावात काय आणि निपाणीत काय, माणसं ‘टीडीएस कापला’ किंवा ‘दोन टक्के कापून आले’ असंच म्हणतात. तिथे कापला जातो तो टीडीएस, आणि तो कुठून कापला हे ऐकणाऱ्याला कळतं. घोटाळा सुरू होतो तो कागदावर शुद्ध मराठी लिहायची हौस आली की.

कन्नडमध्येही हाच पेच आहे. ‘कडित’ म्हणजे कापणं, आणि ‘तेरिगे कडित’ दोन्हीकडे वापरतात. ओळखायची खूण एकच: आधी ‘मूलदल्लि’ म्हणजे ‘मुळातच, उगमापाशीच’ असं असेल तर तो टीडीएस. नुसतं ‘तेरिगे कडित’ असेल आणि मजकूर अर्थसंकल्पाचा असेल तर कराचा दर खाली आलाय. (बाजारात वजनातून धरतात तो आपला ‘कडता’ या कडितशी जुळणारा ऐकू येतो. नुसत्या आवाजावरून नातं जोडायला मात्र नको.) जवळचे आणखी दोन शब्द: ‘विनायिति’ म्हणजे सूट, ‘रियायिति’ म्हणजे सवलत.

शब्दाच्या या गोंधळाची झळ खतावणीला लागते. समजा जॉबवर्कचं बिल १,००,००० रुपयांचं आहे. पैसे घेणारी कंपनी असेल तर २ टक्के, एकट्याचा मालकी धंदा असेल तर १ टक्का कापला जातो. एक बिल ३०,००० च्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की हे लागू होतं. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ रकमेवरच. बँकेत ९८,००० येतात आणि नवखा कारकून उत्पन्नही ९८,०००च लिहितो. तिथे चुकतं. उत्पन्न पूर्ण १,००,००० आणि २,००० हे सरकारकडे जमा असलेलं येणं. ते खर्चात टाकलं की एकीकडे उत्पन्न सरकारकडच्या टीडीएसच्या उताऱ्याशी (जुन्या कायद्यातला फॉर्म २६एएस) जुळत नाही आणि दुसरीकडे हक्काचे २,००० मागायचे राहून जातात.

आता पेपरातली ‘करकपात’. २० सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने देशी कंपन्यांना २२ टक्के मूळ दराची नवी पद्धत निवडता येऊ लागली. १० टक्के अधिभार आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून तो २५.१७ टक्के पडतो. अमेरिकेने २०१७ च्या कायद्याने आपला दर ३५ वरून २१ वर आणला होता, आणि स्पर्धेत मागे राहायला नको हा विचार इथेही होता. पण याला करकपात म्हणण्यापेक्षा दरकपात म्हणणं नेमकं. कारण दर खाली येतो तेव्हाच वजावटी सोडाव्या लागतात: नव्या यंत्रांवरचा जादा घसारा (घसारा म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून वजा होणारी रक्कम), एसईझेडची म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राची वजावट आणि आणखी बऱ्याच. साधा घसारा राहतो. दर उतरला म्हणजे कर उतरलाच असं नाही.

उद्यमबागेच्या मापाचं उदाहरण घेऊ. उलाढाल ४०० कोटींच्या आत, या वजावटी धरण्याआधी करपात्र उत्पन्न बरोबर १ कोटी. जुन्या पद्धतीत दर २५ टक्के, १ कोटीपर्यंत अधिभार नाही, उपकर धरून कर २६,००,०००. नव्या पद्धतीत २५,१६,८००. फरक ८३,२०० चा! बातमीतला ‘३० वरून २२’ हा आकडा या कंपनीचा नव्हताच. आणि सोडाव्या लागणाऱ्या वजावटी ३,२०,००० च्या वर असतील तर त्या वर्षी जुनी पद्धतच स्वस्त. जादा घसारा यंत्राच्या किमतीच्या २० टक्के मिळतो, म्हणजे १६ लाखांचं एक नवं यंत्र वर्षाच्या पहिल्या सहामाहीत चालू झालं की फायदा तिथेच संपला. अर्थात जादा घसारा हा पुढच्या वर्षांचा घसारा आज उचलणं आहे, त्यामुळे नुसतं एका वर्षाचं गणित पुरत नाही. नवी पद्धत एकदा निवडली की मागे फिरता येत नाही, आणि ती निवडल्याचा फॉर्म मुदतीत भरला नाही तर तो दरही हातचा जातो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण ‘दर’ आणि ‘वजावट’ यांतला फरक तिथेही तोच.

भागीदारी फर्म आणि एलएलपी यांना तर ही कपात मिळालीच नाही, त्यांचा दर ३० टक्केच राहिला. म्हणून मथळ्यात ‘उद्योगांना करकपात’ लिहिणं चूक, ‘कंपन्यांना’च लिहावं. त्यातही ‘कार्पोरेशन टॅक्स’ नको. अर्थसंकल्पाच्या कागदांत तेच नाव असलं तरी आपल्याकडे कार्पोरेशन म्हणजे महानगरपालिका, आणि ‘कार्पोरेशन टॅक्स कमी झाला’ म्हटलं की शेजारी घरपट्टीची पावती काढून बसतील. ‘निगम कर’ही टाळलेला बरा, त्याने सरकारी महामंडळ डोळ्यांपुढे येतं. सरळ ‘कंपनी कर’ लिहा.

तुमच्या व्हाउचरवर ‘करकपात २ टक्के’ ऐवजी ‘करापोटी कपात (टीडीएस) २,००० रुपये’ लिहा. वजावट हा शब्द तिथे चालणार नाही, वजावट उत्पन्नातून होते.