‘पाच पॉइंट’ म्हणजे किती?

प्रश्न : काका, बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पाच लेथ, एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), अकरा माणसं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि कारभार माझ्याकडे आला. फोन मात्र अजून बाबांकडेच असतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका गिऱ्हाइकानं पिनांची ऑर्डर देताना फोनवर सांगितलं, ‘ग्राइंडिंगला पाच पॉइंट ठेवा,’ म्हणजे शेवटी घासून काढायला तेवढी जाडी जास्त ठेवा. बाबांनी ते जाता जाता ऑपरेटरच्या कानावर घातलं. तो कंग्राळीचा, आमच्याकडे सात वर्षं आहे. त्यानं ०.०५ मिलिमीटर धरलं, गिऱ्हाइकाला हवं होतं ०.५. हार्डनिंगमध्ये, म्हणजे तापवून कडक करताना, पिना थोड्या वाकल्या आणि घासायला काही उरलंच नाही. ६० पिना भंगारात. आता ते गिऱ्हाईक ‘तुमचं सगळंच तसलं’ म्हणत दोन महिन्यांपूर्वी दिलेल्या बुशांचं (नळकांड्यासारख्या पोकळ भागांचं) बिलही अडवून बसलंय. बुशांबद्दल तोवर चकार शब्द नव्हता. आमचे निम्मे कामगार बैलहोंगल-सौंदत्तीकडचे, कन्नड बोलणारे. मला कन्नड जेमतेम येतं. हा सगळा भाषेचा गोंधळ असावा असं वाटतं. क्लास लावू का?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : काका म्हणालीस, म्हणून ‘तू’च म्हणतो.

क्लास जरूर लाव. इथं राहून, इथल्या माणसांकडून काम करून घ्यायचं तर कन्नड यायलाच हवं. पण तुझ्या पिना कन्नडनं घालवल्या नाहीत. गिऱ्हाईक मराठी, बाबा मराठी, ऑपरेटर कंग्राळीचा. तिघांची भाषा एक आणि तिघांच्या डोक्यात माप निराळं. ‘पाच पॉइंट’ला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. ‘अर्धा मिलिमीटर’ म्हटलं असतं तर ६० पिना वाचल्या असत्या.

मी स्वतः तीस वर्षं डिस्पॅच सांभाळलं, म्हणून हे शहाणपण सांगतोय असं समजू नकोस. मार खाऊन शिकलोय. आमच्याकडे गाड्या भरायला यमकनमर्डीकडचा एक मुकादम होता. भट्टीचा आवाज चालू, मी लांबूनच ओरडून विचारलं, “गाडी भरली न्हवं?” त्याला ऐकू गेलं, गाडी भरा. तो हात वर करून म्हणाला, “आत्री!” मी केबिनमध्ये जाऊन पुण्याला फोन लावला, गाडी सुटली म्हणून. चार वाजता अंगणात आलो तर गाडी निम्मी रिकामी आणि मुकादम टपावर उभा राहून रस्सी ओढतोय. आपल्या भागातल्या कन्नडात ‘आत्री’ म्हणजे ‘झालं हो’ आणि ‘आत्री’ म्हणजे ‘बरं हो, करतो’सुद्धा. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आणि आपण मराठी माणसं तरी काय वेगळं करतो? ‘झालंच म्हणून समजा’ याचा अर्थ अजून हातच लावलेला नाही, हे बेळगावात शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या दिवसापासून मी ‘झालं का?’ विचारणं सोडलं. ‘किती नग चढले? किती राहिले?’ एवढंच विचारायचो. कन्नड येणाऱ्याला ‘एष्टु?’ म्हटलं की पुरतं. आकड्याला ‘आत्री’ म्हणून उत्तर देता येत नाही. माणसाला मागं वळून मोजावंच लागतं.

तुझ्या शॉपमध्येही तेच कर. काम सांगून झालं की ‘कळलं का?’ विचारू नकोस, ‘कळलं’ असंच उत्तर येणार. मालकिणीसमोर ‘नाही कळलं’ कोण म्हणेल? ‘पहिला पीस किती व्यासाला काढणार, सांग बघू’ असं विचार. ०.०५ आणि ०.५ मधला फरक तिथंच, लेथ सुरू व्हायच्या आत, बाहेर पडला असता. पहिला पीस काढल्यावर माप त्यानंच खडूनं मशीनजवळच्या पाटीवर लिहायचं. पाटीवर आकडेच असतात, तेव्हा बैलहोंगलवाला आणि कंग्राळीवाला दोघांनाही ती सारखीच वाचता येते.

आता बाबा. त्यांच्याकडून फोन काढून घेऊ नकोस. गिऱ्हाईक त्यांच्या आवाजावर ऑर्डर देतं, तुझ्या लेटरहेडवर नाही. निदान अजून तरी नाही. फोनशेजारी एक जाड वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेव. दोरी महत्त्वाची, नाहीतर पेन चौथ्या दिवशी कामगाराच्या कानावर. वहीत माप, नग, तारीख, आणि फोन ठेवायच्या आधी ते गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. ‘वय झालंय, कानाला कमी येतंय, एकदा वाचून दाखवतो’ असं बाबा बिनधास्त म्हणू शकतात. म्हातारपणाचा हा एक फायदा. संध्याकाळी त्या पानाचा फोटो तू गिऱ्हाइकाला पाठव. जॉबवर्कचा, म्हणजे गिऱ्हाइकानं काम करून द्यायला पाठवलेला, माल दुसऱ्या राज्यातून आपल्याकडे आला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) करावं लागतं. मालाला एवढा कागद, आणि त्याच मालाचं माप मात्र राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका तोंडी ओलांडतं!

बिलाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं तू विनाकारण खाली मान घालून बसली आहेस. तुमची ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूनं आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असंच धरतात. फोनवरची आरडाओरड ही लेखी हरकत नव्हे. पैशांची मुदत लेखी ठरलेली असेल तर त्याप्रमाणे, पण ४५ दिवसांच्या पुढे नाही. काहीच लेखी नसेल तर १५ दिवस. बुशांना दोन महिने झाले.

पण पहिल्याच पत्रात कायदा काढू नकोस, संबंध तुटतात. एकच मेल लिही, दोन परिच्छेदांची. पहिल्यात पिनांची चूक सरळ कबूल कर: माप आमच्याकडून चुकलं, बदली पिना अमुक तारखेला देतो. ‘गैरसमज झाला असावा’ वगैरे गुळमुळीत नको. दुसऱ्यात फक्त बुशांचा चलान नंबर, तारीख, रक्कम आणि ‘याबद्दल आपली कोणतीही लेखी तक्रार आलेली नाही, बिल सोडावं.’ पिना आणि बुश एका वाक्यात आणू नकोस. त्यांनी गुंता केलाय, तू सोडव. मेल गेली की बाबांना फोन करायला लाव, आधी नको.

प्रश्न : माल वेळेत होणार नाही हे कळलं की गिऱ्हाइकाला लगेच सांगावं, की शेवटपर्यंत प्रयत्न करून बघावा?
— खोकी बनवणारे, निपाणी

उत्तर : दोन्ही करा, पण सांगा आधी. कळलं त्याच दिवशी, त्यांचा फोन यायच्या आत. ‘जरा उशीर होईल’ नको. ‘शनिवारी ४०० खोकी, उरलेली मंगळवारी’ असं सांगा, म्हणजे त्यांना तेवढ्यावर आपलं पॅकिंग लावता येईल. गाडी भरायच्या आधीच ‘नाका ओलांडला’ म्हणून सांगणारे मी पुष्कळ बघितलेत. एकाच्या गिऱ्हाइकाचा मेहुणा नाक्याजवळ चहाचा गाडा लावायचा.