वाचक विचारतात : जुन्या कराराची पुस्तके नेमकी किती?

प्रश्न : आमच्या प्रॉटेस्टंट घरातल्या बायबलात जुन्या कराराची ३९ पुस्तके आहेत, कॅथलिक मैत्रिणीकडे ४६. शेजारचे बेने इस्रायली (मराठी ज्यू) काका म्हणतात, २४च. कुणी गाळली आणि कुणी घुसडली?

उत्तर : ३९ आणि २४ यांत पुस्तके तीच आहेत, मोजणी वेगळी. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन-दोन भाग ज्यू परंपरा एकेकच धरते. एज्रा-नहेम्या मिळून एक. होशेय ते मलाखी हे १२ संदेष्टेही मिळून एक. ३९ मधून ३, १ आणि ११ वजा करा, २४ उरतात. खरा फरक क्रमात आहे. हिब्रू शास्त्र सहसा इतिहासाच्या पुस्तकाने संपते, ख्रिस्ती जुना करार मलाखीने. मलाखी शेवटी ‘एलीया येणार’ असे सांगतो आणि पान उलटले की नव्या कराराचे पहिले पुस्तक, मत्तय, सुरू!

कॅथलिकांची जास्तीची ७ म्हणजे तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सीरा, बारूख आणि मक्काबींची दोन. ही ज्यूंचीच, पण ज्यू शास्त्राच्या ग्रीक संग्रहातून मंडळीत (चर्चमध्ये) आली. लॅटिन बायबलाचा अनुवादक जेरोम याने त्यांना दुय्यम मानले, धर्मपंडित ऑगस्टीनने उचलून धरले. प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५३४ च्या बायबलात ती वेगळी काढून छापली, कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये शास्त्र म्हणून पक्की केली. त्यामुळे ‘घुसडली’ म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्न : ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र २३ की २२?

उत्तर : हिब्रूत २३, ग्रीक आणि जुन्या लॅटिन बायबलात २२. ग्रीकमध्ये ९ आणि १० जोडली आहेत, म्हणून १० ते ११३ पर्यंत हिब्रू आकड्यातून एक वजा करायचा. पुढे ११४-११५ जोडलेली, ११६ दुभंगलेले. ११७ ते १४६ पुन्हा एक वजा. १४७ चे दोन झाले की १४८ पासून हिशेब जुळतो. ओव्यांतही घोळ होतो, कारण हिब्रूत शीर्षकही ओवी म्हणून मोजतात. ५१ व्या स्तोत्राचे शीर्षक दोन ओव्या खाते, म्हणून मराठीतली पहिली ओवी तिथे तिसरी.

प्रश्न : ख्रिस्ताला मानल्यावर जुना करार हवाच कशाला?

उत्तर : दुसऱ्या शतकातल्या मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकानेही तेच म्हटले. सुमारे १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. जुना करार टाकताना त्याला लूकचे शुभवर्तमानही कातरावे लागले, कारण त्यात मोशे आणि संदेष्टे जागोजागी येतात. जुन्या करारातले नियम पाळण्याचा प्रश्न वेगळा : यहुदीतरांना सुंतेची सक्ती नको, हे प्रेषितांच्या यरुशलेमेतल्या बैठकीतच ठरले; नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय १५ पाहावा.