बॉलवरून नजर काढ

सोलापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. शाळेत बास्केटबॉल शिकवायला रुजू झाल्याचं कळवलंस, फार बरं वाटलं. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. ‘सर, इतकं सोपं आहे, तरी पोरांना लेअप जमत नाही.’

तुला ते सोपं वाटतं, हीच खरी अडचण आहे. धावत येऊन दोन पावलांत उडी मारायची आणि बॉल बास्केटमध्ये टाकायचा, यात तुझे पाय आपोआप पडतात. एकदा एकटीच कोर्टवर जा आणि पावलं मोठ्यानं म्हणत लेअप मार: उजवा, डावा, उडी. मग पोरांना हेच शेवटाकडून शिकव. आधी बास्केटजवळ उभं करायचं, डाव्या पायावर उडी आणि उजव्या हातानं बॉल बोर्डावरच्या चौकोनात. ते बसलं की एक पाऊल मागे, मग आणखी एक. ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत येणं, सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी धावत यायला लावलंस तर पोरं ट्रॅव्हल करणार, म्हणजे बॉल हातात धरून जास्तीची पावलं टाकणार, आणि शिट्टी ऐकून ऐकून बिचकणार.

पाचवीतल्या पोरांच्या हातात मोठ्यांचा 7 नंबरचा बॉल देऊ नकोस. 1891 मध्ये नायस्मिथ या शिक्षकानं आपल्या वर्गासाठी हा खेळ काढला, तेव्हा टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या होत्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग 3.05 मीटरवर आहे. ती उंची लहान पोरांसाठी कधी ठरवलेलीच नव्हती. ती पोरं कमरेतून जोर लावून बॉल भिरकावतात आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही. लहान पोरांच्या मिनी बास्केटबॉलला रिंग 2.60 मीटरवर आणि बॉल 5 नंबरचा असतो. खाली घेता येणारी रिंग नसेल तर भिंतीवर खडूनं चौकोन आख.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खेळत होतीस तेव्हा बॉल बघत होतीस. आता ज्याच्याकडे बॉल आहे त्याला सोडून उरलेल्या नऊ जणांकडे बघ. बॉलकडे अख्खी शाळा बघत असते. पलीकडच्या कोपऱ्यात एक मुलगी मोकळी होऊन हात वर करते, पास येत नाही. दोनदा करते. तिसऱ्यांदा ती धावतच नाही. तू बॉलकडे बघत असलीस तर तुला एवढंच दिसेल की ही मुलगी आळशी आहे. तिला ओरडू नकोस. जिनं पास दिला नाही तिला बाजूला घे.

हीच नजर कोर्टाबाहेरही लागते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे तुला मी काय सांगायचं? पाण्याच्या दिवशी पोरगी सकाळच्या सरावाला दांडी मारते, कारण घरात भरायला दुसरं कोणी नसतं. कुणाच्या भागात कधी पाणी येतं ते डायरीत लिहून ठेव आणि त्या दिवशी तिला संध्याकाळी बोलाव. मार्चनंतर तर सराव सकाळी लवकरच उरकायचा, ऊन चढलं की सिमेंटचं कोर्ट भाजून काढतं.

पोरांच्या घरी जा. पूर्व भागात एखादी आई विड्या वळता वळताच तुझ्याशी बोलेल, तेलुगूत. तिला समजेल असं बोलणारं पोर सोबत ने. ‘खेळून काय मिळणार?’ असं ती विचारेल, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. दहावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे सांग. त्याच्या अटी कडक आहेत, हेही त्याच दमात सांग. त्या घरात खोटी आशा ठेवून उठू नकोस.

स्वतःचा खेळ सोडू का, असं विचारलंस. मुळीच सोडू नकोस. रविवारी जुन्या मुलींना जमव आणि मनसोक्त खेळ. फक्त पोरांच्या सरावात उतरून त्यांना हरवून दाखवायचं नाही.

जिल्हा स्पर्धेची तारीख लागली की कळव. मी येईन. तुझ्या बाकाजवळ बसणार नाही, समोरच्या बाजूला बसेन, म्हणजे पोरं तुझ्याकडेच बघतील.

तुझे,
सर