पहिली रोड सायकल कमी खर्चात घ्यायची आहे. जुनी कार्बनची घ्यावी की नवी ॲल्युमिनियमची?

फ्रेम कशाची असावी, गिअर किती असावेत आणि डिस्क ब्रेक हवेत का, हे सगळे तुम्ही विचारले आहे. स्वतःची उंची मात्र प्रश्नात कुठेही लिहिलेली नाही. पहिली सायकल घेताना मीही नेमके हेच केले होते, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वर्षानुवर्षे सायकल चालवतात, त्यामुळे या विषयात घरात त्यांचाच शब्द प्रमाण मानला जातो. नवी ॲल्युमिनियमची सायकल घेण्याइतके पैसे मी साठवले होते. तेवढ्याच पैशांत त्यांनी ओळखीतल्या एकाची जुनी, शर्यतीची कार्बन सायकल शोधून काढली. वजन जेमतेम आठ किलो आणि सीटच्या नळीवर फ्रेमच्या मापाचा आकडा 56. माझी उंची 167 सेंमी असून मला 51 किंवा 52 ची फ्रेम लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. भाऊजींनी आधी स्वतः दोन चकरा मारल्या, उतरले ते खूश होऊनच, आणि "सीट खाली घेतली की झालं, सायकल कुणालाही बसते," असे म्हणून त्यांनी व्यवहार पक्का करून टाकला.

सीट खाली घेता येते, हे खरेच आहे. माझ्यासाठी ती इतकी खाली घ्यावी लागली की सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेमबाहेर चार बोटेच उरला. परंतु हँडल आहे तिथेच राहते. ब्रेकच्या मुठींपर्यंत पोहोचण्यासाठी मला कोपरे ताठ करावी लागत, सगळा भार तळव्यांवर येई, आणि तासाभराच्या फेरीनंतर घराच्या कुलपात किल्ली फिरवताना करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर झालेले असे. भाऊजींनी सीट रुळांवर पार पुढे सरकवायला सांगितली. हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट होता, कारण सीटची जागा पेडलच्या हिशेबाने ठरवायची असते, हँडलच्या नव्हे. पंधरवड्यात गुडघ्याची वाटी दुखू लागली. मग सीट मागे घेतली आणि 110 मिमीचा स्टेम (हँडल पुढे धरणारा दांडा) काढून 70 मिमीचा बसवला, तर पोहोच कमी झाली खरी, पण उतारावर सायकल इतकी चुळबुळी झाली की बाटलीला हात घालायचीही भीती वाटे. या सर्व काळात भाऊजींचे एकच पालुपद होते: "सवय होईल."

सवय झाली नाही. वर्षभराने मी पुन्हा पैसे जमवून नवी, साधी ॲल्युमिनियमची 52 ची सायकल घेतली. पुढचे चाक धरणारा कार्बनचा चिमटा, शिमानो कंपनीच्या क्लॅरिस या साध्या संचाचे मागे आठ गिअर, वजन दहा किलो. भाऊजी अजून म्हणतात की मी दोन किलो लोखंड विकत घेतले. त्यांच्यासाठी हिशेब इथेच मांडून ठेवतो. सायकल धरून माझे एकूण वजन 77 किलोच्या घरात भरते, त्यात दोन किलो म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. अर्ध्या तासाच्या खड्या चढावर त्याने फार तर पाऊण मिनिट जाते. सपाट रस्त्यावर तर वेग वाढला की मुख्य झगडा हवेशी असतो आणि तिथे दोन किलोंना कुणी विचारत नाही.

उलट त्या शर्यतीच्या सायकलीला पुढे 53-39 ची चक्रे होती आणि मागचे सर्वांत मोठे चक्र 25 दात्यांचे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात ती सव्वातीन मीटर पुढे जाई. नव्या सायकलीला पुढे 50-34 आणि मागे 32 पर्यंत असल्याने तेच अंतर सव्वादोन मीटर पडते. नवख्या माणसाचे पाय चढावर कशाने वाचतात, हे यावरून ओळखावे.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे की आधी मापे घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. या आकड्याला 0.883 ने गुणले की क्रँकच्या, म्हणजे पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजाने मिळते. माझे 78 सेंमी होते, म्हणजे सुमारे 69. फ्रेम मात्र एवढ्यावर ठरवू नये. कंपनीच्या तक्त्यात रीच आणि स्टॅक (क्रँकच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे आणि उभे अंतर) हे आकडे पाहावेत आणि प्रत्यक्ष बसून, कोपरे किंचित वाकलेली ठेवून मुठी धरता येतात का, ते पाहावे. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान माप घ्या.

कार्बन वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. मापाची आणि पडझड न झालेली जुनी सायकल मिळाली तर जरूर घ्या. पण कार्बनमधली इजा वरून दिसेलच असे नसते, त्यामुळे जाणकाराला सोबत न्या, आणि तो जाणकार तुमच्याच उंचीचा असेल तर उत्तम. चेनच्या 24 कड्यांची लांबी नवी असताना 304.8 मिमी असते, ती झिजून 306.3 च्या पुढे गेली असेल तर नव्या चेनचे पैसे किमतीतून कापून घ्या. 28 मिमीचे टायर बसतात का, हेही विचारा, कारण जुन्या शर्यतीच्या फ्रेममध्ये बहुधा 25 च्या पुढे जागा नसते. डिस्क ब्रेकचे म्हणाल तर पावसात ते नक्कीच चांगले. मात्र पैसे मोजकेच असतील तर चांगले रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) हलक्या प्रतीच्या डिस्कपेक्षा मला बरे वाटतात. हेल्मेट, पंप आणि जादा ट्यूब यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

राहता राहिली ती कार्बनची सायकल. भाऊजींची उंची 180 सेंमी आहे, हे मला फार उशिरा सुचले. मागच्या वर्षी "जरा बघतो" म्हणून ते ती घेऊन गेले, सीट चांगली वर घेतली, जुना 110 चा स्टेमही मागून नेला, आणि आता दर रविवारी तीच चालवतात. पैशांचा विषय अजून निघालेला नाही.