अमेरिकेत ट्रम्प पुन्हा निवडून आले, याचा दोष नक्की कोणाचा?

प्रश्न असा आहे: “२०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा आले. दोष त्यांना मत देणाऱ्यांचा, तिसऱ्याच उमेदवाराला मत देणाऱ्यांचा, की मत वाया घालवणाऱ्यांचा? माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. या विषयावरून त्याचं सासरी बोलणं बंद झालंय.”

“मत वाया घालवणारे” हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. ८ नोव्हेंबर २०१६ला मी मतदान केलं, पण राष्ट्राध्यक्षपदाचा रकाना कोरा सोडला. तोही मिशिगनमध्ये. त्या वर्षी ट्रम्प यांनी मिशिगन १०,७०४ मतांनी जिंकलं. हा आकडा मला घरच्या पत्त्यासारखा पाठ आहे, कारण माझे साडू तो मला तेव्हापासून ऐकवत आलेत.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला स्टर्लिंग हाइट्समध्ये राहतो, मकोम काउंटीत. गाड्यांच्या सुट्या भागांचं डिझाइन करतो. २०१२ मध्ये ओबामांनी ही काउंटी साधारण १६ हजार मतांनी जिंकली होती. चार वर्षांनी ट्रम्प यांनी तीच ४८ हजारांवर मतांनी जिंकली. म्हणजे वर्तमानपत्रं ज्यांना “फिरलेले मतदार” म्हणतात ते माझ्या गल्लीत राहतात. त्यातला एक तर भिंतीला भिंत लागून.

या शेजाऱ्याबद्दल सांगायलाच हवं. २००९ मध्ये माझी नोकरी गेली. तेव्हा मिशिगनमध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली होती, जीएम आणि क्रायस्लर या दोन्ही मोटार कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली होती. त्या हिवाळ्यात मी सकाळी उठायचो तर माझ्या दारापुढचा बर्फ काढलेला असायचा. कधी बोलला नाही, कधी आभार मानू दिले नाहीत. तो सत्तावीस वर्षं सीटचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. तो कारखाना बंद होऊन काम मेक्सिकोला गेलं. युनियनचा माणूस, बापही युनियनचा. ओबामांना दोनदा मत दिलेला. आणि अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्यातला खुल्या व्यापाराचा नाफ्टा करार बिल क्लिंटन यांच्या सहीने १ जानेवारी १९९४ पासून लागू झाला, हे त्याला आपल्याला १५ ऑगस्ट माहीत असावा तसं माहीत होतं. हिलरी क्लिंटन यांनी काहीही म्हटलं तरी त्याच्या लेखी ते आडनाव म्हणजे तो करार.

ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच्या गॅरेजमध्ये उभा होतो. हत्यारांच्या लाल पेटीवर ओबामांचा २००८चा स्टिकर होता, कडेने सुटलेला. त्याच्या खालच्या खणावर ट्रम्प यांचा नवा कोरा. जुना त्याने खरवडला नव्हता. मी विचारलं, हे दोन्ही एकाच पेटीवर कसे? म्हणाला, “हे दोघंच म्हणाले की असं चालणार नाही. बाकीचे म्हणतात सगळं ठीक चाललंय.” सप्टेंबरमध्ये क्लिंटन यांनी ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना एकाच टोपलीत टाकून “डिप्लोरेबल”, म्हणजे निंद्य, ठरवलं होतं. निम्मे म्हणायला नको होतं, असं त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पण बाण सुटला होता. शेजाऱ्याने तो शब्द छापलेला टीशर्ट आणून घातला.

आता याच माणसाची दुसरी बाजू. २०१५ मध्ये आमच्या गावात मशीद बांधण्याचा प्रस्ताव आला होता. नगर नियोजन समितीने तो फेटाळला. सभेला गर्दी उसळली होती आणि हा विरोध करायला गेला होता. मी म्हटलं, अरे, उद्या आम्ही देऊळ बांधायला काढलं तर? तो म्हणाला, “तू वेगळा आहेस.” त्याने कौतुकाने म्हटलं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून “ट्रम्पचे मतदार पोटासाठी गेले की द्वेषापोटी गेले” असा प्रश्न कोणी विचारला की माझा संताप होतो. एकाच माणसात दोन्ही असतं. बर्फ काढणारे हात आणि मशिदीला विरोध करायला वर झालेला हात एकाच माणसाचे आहेत. वर्णद्वेष नव्हताच म्हणणारे खोटं बोलतात, आणि फक्त वर्णद्वेष होता म्हणणाऱ्यांनी त्या बंद कारखान्याच्या फाटकासमोरून एकदा गाडी न्यावी.

आता माझ्या कोऱ्या रकान्याचं. मार्चमध्ये, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत, मी क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना मत दिलं होतं. सगळ्या जनमत चाचण्या क्लिंटन यांना मोठी आघाडी देत होत्या, तरी ते मिशिगन जिंकले. नोव्हेंबरात माझी अडचण इराक होती. २००२ मध्ये सिनेटर असताना क्लिंटन यांनी त्या युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं. आमच्या भागात इराकी ख्रिश्चन, म्हणजे कॅल्डियन, हजारोंनी राहतात. त्या युद्धाने त्यांच्या गावांचं काय झालं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. ट्रम्प यांना मत द्यायचा प्रश्नच नव्हता. आणि पुन्हा चाचण्या सांगत होत्या की मिशिगन क्लिंटन यांचंच आहे.

शाळेच्या जिममध्ये मतदान होतं. आमची मतपत्रिका कागदाची, लांबलचक, दोन्ही बाजूंनी छापलेली. काळ्या पेनने गोल भरायचे. मी सगळे भरले. विद्यापीठांच्या विश्वस्तांचे, न्यायाधीशांचे, चार काउंट्यांच्या बससेवेसाठी कर लावायचा की नाही त्याचाही. मग कागद उलटून वर आलो. पेन टेकवलं, त्याचा एक ठिपका उमटला, तो भरला नाही. मशीनने कागद आत ओढून घेतला आणि मला “मी मतदान केलं” असा स्टिकर मिळाला. तो शर्टाला लावून ऑफिसला गेलो. रात्री अडीच वाजता टीव्हीसमोर बसलो होतो आणि तो शर्टावर तसाच होता.

साडूंना मी हे फोनवर सांगितलं. ते माझ्याहून मोठे, न्यू जर्सीत एडिसनला असतात, आणि अमेरिकेत आल्यापासून कुठलीही अडचण मी आधी त्यांच्याकडेच नेत आलो. मन हलकं करायला सांगितलं, आणि “हे आपल्यातच ठेवा” असंही म्हटलं. कारण माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला मताचा हक्क नव्हता, पण शाळा सुटली की क्लिंटन यांच्या प्रचारासाठी ती लोकांना फोन करायची. ९ तारखेला सकाळी ती आंघोळीला गेली आणि पाऊण तास नळ चालू होता.

दोन आठवड्यांनी थँक्सगिव्हिंगला आम्ही एडिसनला गेलो. अठरा माणसं, मुलांसाठी टर्की, बाकीच्यांसाठी मसालेभात आणि श्रीखंड. बोलणं निवडणुकीवर येणार होतंच. कोणीतरी म्हणालं, मिशिगनने वाट लावली. तेव्हा साडू हातातला डाव तसाच धरून म्हणाले, “मिशिगन कशाला म्हणता, या इथे बसलेत ते. यांनी कोरी टाकली. दहा हजार सातशे मतांनी गेलं, आणि हे कोरी टाकून आले!”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. “बाबा, खरंच?” मी हो म्हटलं. तिने वाटी बाजूला सरकवली, उठून वर गेली आणि परतीच्या विमानात बसेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पुढचे तीन-चार महिने आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. तिचा राग माझ्या मतावर होता, त्याहून जास्त मी तिच्यापासून लपवल्यावर होता. ते मला मान्य आहे. पण तिला ते कधी आणि कसं सांगायचं, हा माझा हक्क होता. तो साडूंनी श्रीखंड वाढता वाढता काढून घेतला.

त्या दिवशी जे सुचलं नाही ते आता लिहितो. २०१६ मध्ये मिशिगनच्या सुमारे ७५ हजार लोकांनी वरचा रकाना कोरा सोडला. ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर मतं गेली. एकट्या डेट्रॉइट शहरात क्लिंटन यांना ओबामांच्या २०१२च्या मतांपेक्षा सुमारे ४७ हजार मतं कमी पडली. यातला कुठलाही आकडा १०,७०४ हून मोठा आहे, म्हणजे ज्याच्यावर राग असेल त्याच्यावर खापर फोडता येतं. आणि मुख्य म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याच्या प्रतिनिधी मतांवर, जिंकायला २७० लागतात. मिशिगनची १६ प्रतिनिधी मतं क्लिंटन यांना मिळाली असती तरी ट्रम्प २७०च्या वरच राहिले असते. त्यांना हरवायला विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियाही लागत होतं. विस्कॉन्सिनमध्ये उमेदवारी मिळाल्यावर क्लिंटन एकदाही प्रचाराला गेल्या नाहीत. ट्रम्प मतदानाच्या दोन दिवस आधी इथे स्टर्लिंग हाइट्समध्ये सभा घेऊन गेले. साडूभाऊ, तुम्ही अशा राज्यात मत दिलंत जिथे निकाल आधीच ठरलेला होता. तिथून माझा हिशोब मांडणं सोपं होतं.

२०२४चंही तेच चाललंय. निकाल लागल्याबरोबर बोटं डिअरबॉर्नकडे वळली. ते आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, अरब वस्तीचं. गाझामुळे लोक संतापलेले होते. फेब्रुवारीतल्या प्राथमिक फेरीत मिशिगनमध्ये एक लाखाहून जास्त मतदारांनी बायडेन यांच्याऐवजी “कोणीही ठरलेलं नाही” हा पर्याय भरला होता. इशारा याहून स्पष्ट काय असतो? नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांना ३६, स्टाइन यांना १८ टक्के मतं मिळाली. पण हॅरिस मिशिगन सुमारे ८० हजारांनी हरल्या, आणि स्टाइन यांची राज्यभरातली सगळी मतं मिळून ४५ हजारांच्या आसपास. ती सगळी दिली असती तरी भागलं नसतं. शिवाय चुरशीची सातही राज्यं गेली, ती काय डिअरबॉर्नने घालवली?

कारणं विचारत असाल तर माझ्या मते पहिलं कारण भाव. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. पुढे दर उतरला, पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं. अंडी, भाडं, गाडीचा विमा चढले ते चढलेच राहिले, आणि टीव्हीवर अर्थव्यवस्था उत्तम असल्याचं सांगत होते. शेजारी तेच म्हणाला जे २०१६ मध्ये म्हणाला होता. दुसरं, बायडेन २१ जुलैला उमेदवारीतून बाजूला झाले, हॅरिस यांना जेमतेम साडेतीन महिने मिळाले. तुमचा मावसभाऊ टेक्सासमध्ये आहे म्हणून सांगतो, मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्टार काउंटीने १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. तिथे जवळपास सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची आहे. त्या लोकांना द्वेष्ट्या गोऱ्यांचे भाऊबंद म्हणून मोडीत काढणार का?

मात्र मी केलं ते बरोबर होतं, असं यातून काढू नका. जून २०१७ मध्ये इमिग्रेशनच्या लोकांनी डेट्रॉइट परिसरातून शंभराहून जास्त इराकी माणसं उचलली, त्यात बरेच कॅल्डियन होते. कोणाचे वीस-तीस वर्षांपूर्वीचे गुन्हे, शिक्षा भोगून झालेल्या. मी ज्या कॅल्डियन बेकरीतून पाव आणतो तिथल्या मालकाच्या नात्यातला एक जण त्यात होता. मालकाने ट्रम्प यांना मत दिलं होतं, ख्रिश्चनांना ते सांभाळतील म्हणून. गल्ल्यामागे उभा राहून तो माणूस रडत होता आणि गरम पावाची पिशवी हातात धरून मला तो पेनाचा ठिपका आठवत होता. ज्या इराकच्या नावाने मी रकाना कोरा ठेवला, त्याच इराकला या लोकांना परत पाठवायला निघाले होते. मी त्याला “मग मत कशाला दिलंस” असं म्हटलं नाही. म्हणण्याची माझी लायकी नव्हती आणि त्याला त्याचा उपयोगही नव्हता. वकिलासाठी वर्गणी काढली, त्यात मी आणि शेजारी, दोघांनी पैसे घातले. २०२० मध्ये आणि २०२४ मध्ये मी वरचा गोल भरला, आणि तो सगळ्यात आधी भरला.

तुमच्या मावसभावाला एवढंच सांगा की सासरच्यांना मत कोणाला दिलं हे विचारू नको, त्या वर्षी त्यांचं काय बिनसलं होतं ते विचार. आणि कोणी विश्वासाने सांगितलंच तर ते पंगतीत वाढू नको. माझ्या साडूंनी आजवर माझ्याशी शंभर वेळा वाद घातला, पण त्या संध्याकाळबद्दल एकदाही बोलले नाहीत. त्यांना वाटतं भांडण आकड्यांचं आहे.

मुलगी आता शिकागोत नोकरी करते. आमचं छान चाललंय. दर निवडणुकीला मतदान करून आलो की मी पहिला फोन तिला करतो. एडिसनला मात्र ती तेव्हापासून गेलेली नाही. साडूभाऊ, हे उत्तर कोणी तुम्हाला पाठवेलच. माझ्याशी बोलायची गरज नाही. तिला एक फोन करा, तिचा नंबर तोच आहे.