बातमी संपली तरी फुटेज जप

टीव्ही बातम्यांच्या डेस्कवर नवीन आहेस, म्हणून आधी हेच सांगतो: फुटेजची तारीख, ठिकाण आणि त्यात दिसणाऱ्या माणसांची नावं त्याच दिवशी लिहून ठेव. ‘उद्या बघू’ म्हटलं की राहिलंच. स्थानिक केंद्रांचा कितीतरी इतिहास असाच गेला. आधी १६ मिमी फिल्म होती, ती धुऊन मगच बातमी दाखवता येई. मग व्हिडिओ टेप आल्या: १९७१ मध्ये यू-मॅटिक, १९८२ मध्ये बीटाकॅम. टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवं रेकॉर्डिंग व्हायचं. पूर, प्रचारसभा, सगळं पुसलं गेलं. फार वाईट वाटतं त्याचं.

नुसतं एडिट केलेलं पॅकेज, म्हणजे प्रसारणासाठी तयार केलेली बातमी, ठेवू नकोस. व्हॉइसओव्हर (वरून दिलेलं निवेदन) नसलेलं मूळ चित्रण आणि पूर्ण बाइट (माणसांचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) ठेव. पुढे कधी जुनी घटना दाखवायची झाली तर तेच कामी येतं. रनडाउनची, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांच्या क्रमाच्या यादीची, प्रतही सोबत जोड.